मार्गारेट रिव्हरमध्ये ऐन पावसात काय पाहावे?

सहकारनगरवाली (धागाकर्ती)

येत्या जून-जुलैमध्ये आम्ही दोघे मुलीकडे ऑस्ट्रेलियात पर्थला जात आहोत. जावयांची रजा ज्या आठवड्यात आहे, त्याच आठवड्यात मुलीने मार्गारेट रिव्हर परिसरात एक घर भाड्याने घेतले आहे, त्यामुळे तारखा बदलणे आता शक्य नाही. हा भाग समुद्रकिनारे आणि वाइन या दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध असल्याचे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु आपला पावसाळा म्हणजे तिथला हिवाळा, आणि तिथला बहुतेक पाऊस नेमका हिवाळ्यातच पडतो, असे मुलगी सांगते. आमच्या अडचणी अशा की ह्यांना मद्याचे वावडे आहे, माझे गुडघे कुरकुर करतात आणि सोबत सात वर्षांची नात आहे. "खिडकीत बसून भजी खात पाऊसच पाहायचा असेल, तर सिंहगडाचा पायथा काय वाईट आहे?" असा ह्यांचा प्रश्न असून त्याला माझ्याकडे अद्याप उत्तर नाही. तिथे राहिलेल्या किंवा त्या दिवसांत जाऊन आलेल्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पर्थहून_परतलेला

ताई, नोकरीनिमित्त पर्थमध्ये बरीच वर्षे काढून आता मी बाणेरला स्थायिक झालो आहे, आणि माझ्या मते मार्गारेट रिव्हरला जायचे ते हिवाळ्यातच. हे काही जणांना पटणार नाही, पण कारण सांगतो.

पुण्याचा पाऊस आणि तिथला पाऊस यांचा स्वभावच वेगळा आहे. आपल्याकडे झड लागली की दिवसचे दिवस आभाळ एकसारखे करडे राहते आणि संततधार चालू असते. तिथे हिंदी महासागरावरून एकामागून एक शीत आघाड्या येतात. आधी वायव्येकडून वारा वाढतो, मग आघाडी डोक्यावरून जाताना धो धो पाऊस कोसळतो, त्यानंतर वारा नैर्ऋत्येकडे वळतो आणि सरी व ऊन यांचा लपंडाव सुरू होतो. दोन आघाड्यांच्या मधल्या काळात कित्येकदा लख्ख ऊन पडते. वर्षाला साधारण हजार मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा जास्तच पाऊस तिथे होतो, पण दिवसभर अडकून पडण्याची वेळ क्वचित येते. कमाल तापमान सोळा-सतरा अंश आणि किमान आठ-नऊ अंशांच्या आसपास असते. आपल्या थंडीत माथेरानला जाताना जे कपडे घेता तेच पुरतील, फक्त वरून वारा अडवणारे जाकीट हवे. छत्री मात्र नेऊ नका, तिथला वारा ती दुसऱ्या मिनिटाला उलटी करतो.

तेव्हा अंदाज पाहताना पावसापेक्षा वाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे. पावसामुळे तिथे जवळजवळ काहीच बंद होत नाही. बंद होते ते वाऱ्यामुळे, आणि तेही मोजकेच: बसेलटन गावच्या, समुद्रात दूरवर गेलेल्या धक्क्यावरची छोटी रेल्वे आणि देवमासे दाखवणाऱ्या बोटी. दुसरी गोष्ट म्हणजे दिवस लहान असतो. जूनअखेरीस सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सात वाजून गेल्याशिवाय नीट उजाडत नाही. पावसामुळे ज्यांची सहल फसली असे लोक सांगतात, त्यांपैकी बहुतेकांची खरी चूक उशिरा उठण्याची असते, असे माझे निरीक्षण आहे.

चुनखडी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु पावसाच्या दिवसाचे सर्वांत मोठे आकर्षण अजून कोणी सांगितलेच नाही, म्हणून लिहितो. मी भूशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडे विषयांतर वाटल्यास क्षमा असावी.

उत्तरेचे केप नॅचरलिस्ट आणि दक्षिणेचे केप लुइन या दोन भूशिरांच्या दरम्यान समुद्राला समांतर अशी चुनखडकाची एक धार गेली आहे. वाऱ्याने साचवलेली शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू घट्ट होऊन हा खडक बनला असून भूशास्त्राच्या हिशेबात तो अगदी तरुण आहे. आपल्या कार्ले-भाजे येथील लेणी माणसाने बेसाल्टमध्ये छिन्नीने कोरलेली आहेत; येथील गुहा मात्र पावसाच्या पाण्याने कोरल्या. मातीतून झिरपताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, ते किंचित आम्लधर्मी होते आणि चुना विरघळवत खाली जाते. तेच पाणी गुहेच्या छतातून टपकताना तो चुना परत सोडते, आणि त्यातून लवणस्तंभ तयार होतात. बाहेर वादळ असो वा ऊन, आतील तापमान जवळजवळ स्थिर असते. म्हणून ज्या दिवशी बाहेर काहीच करता येणार नाही असे वाटेल, तो दिवस गुहांसाठी राखून ठेवावा.

त्यातही निवड विचारपूर्वक करावी. लेक केव्ह सर्वांत सुंदर आहे, असे माझे मत. एका कोसळलेल्या विवरातून, त्यात वाढलेल्या उंच कॅरी वृक्षांच्या बुंध्यांजवळून खाली उतरत जावे लागते. आत कायम पाण्याचे तळे आहे, आणि त्या तळ्यावर काही टन वजनाचा एक चुन्याचा पाट छतापासून लोंबकळतो. गाळाच्या थरावर चुना साचत गेला, पुढे खालचा गाळ पाण्याने वाहून नेला, आणि वरचा पाट आपल्या खांबांच्या आधारे तसाच अधांतरी राहिला. मार्गदर्शक मध्येच दिवे मालवून पुन्हा एक-एक लावतात, तेव्हा पाण्यातले प्रतिबिंब आणि वरचा पाट यांतली सीमारेषा काही क्षण कळत नाही. ताई, तुमच्या गुडघ्यांसाठी मात्र सूचना: येथे तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून दमलो तरी परतीला उतारच असतो. येथे उलट आहे, आधी सुखाने उतरायचे आणि मग सगळा चढ अंगावर येतो.

त्याऐवजी तुम्ही मॅमथ केव्हला जावे. ती कानात ध्वनिमुद्रित माहिती ऐकत आपल्या गतीने पाहता येते आणि तिच्या पहिल्या दालनापर्यंत चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीही जाऊ शकते. तिथे झायगोमाटुरस नावाच्या, फार पूर्वी नामशेष झालेल्या, बैलाएवढ्या शिशुधान (पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्याच्या जबड्याचे जीवाश्म खडकात रुतलेले दिसतात. नातीला ते नक्की आवडेल. दक्षिणेकडच्या ऑगस्टा गावाजवळची ज्युएल केव्ह विस्ताराने मोठी आहे आणि तिच्यात पाच मीटरहून लांब, आतून पोकळ, स्ट्रॉसारखा बारीक लवणस्तंभ आहे. पायऱ्या तिथेही आहेत. याच ज्युएल केव्हमधली तळी गेल्या काही दशकांत आटली. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातला हिवाळी पाऊस १९७० नंतर घटत गेला, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. पाऊस आला म्हणून हिरमुसणाऱ्या पर्यटकांना मी हे आवर्जून सांगत असे.

निर्मोही

माहिती उत्तम आहे. पण मूळ प्रश्नातला एक मुद्दा तसाच राहिला. काका मद्य घेत नाहीत, सोबत लहान मूल आहे. अशा कुटुंबाने वाइनच्या प्रदेशात जाऊन पैसे का घालवावेत? ऑस्ट्रेलियात पाहण्यासारखे इतर पुष्कळ आहे. वाइनरीत बसून इतरांनी घोट घेताना पाहणे यात कसली सहल?

द्राक्षबागायत

निर्मोही यांचा प्रश्न रास्त आहे. पण वाइनरी म्हणजे बार नव्हे. आमची नारायणगावच्या बाजूला द्राक्षबाग आहे, मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही पुण्यात असतो, आणि आमच्या घरातही कोणी थेंब घेत नाही. तरीसुद्धा तिथे गेलो असता मला बाहेर पडवेना.

आपल्या हवामानात द्राक्षवेल झोपतच नाही. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. मार्गारेट रिव्हरला वेल हिवाळ्यात खरोखर विश्रांती घेते. पाने पूर्ण गळतात, तारांवर नुसत्या तपकिरी काड्या उरतात आणि जून ते ऑगस्टच्या दरम्यान वर्षातली एकच छाटणी होते. माहितीपत्रकांतले हिरवेगार मळे आणि लटकलेले घड तुम्हाला दिसणार नाहीत, तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आटोपलेली असते. परंतु रेनकोट चढवून, भिजलेल्या ओळींमधून एकेक वेल न्याहाळत कात्री चालवणारे मजूर दिसतात. कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची हा निर्णय तिथेही माणूसच डोळ्यांनी घेतो, हे पाहून मला बरे वाटले. आपल्याकडे अकलूजच्या किंवा नाशिकच्या वाइनरीत जून-जुलैत गेलात, तर वेली पानांनी भरलेल्या असतात आणि बागायतदार डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारणीच्या पंपामागे धावत असतो. एकाच वेलीचे असे दोन स्वभाव पाहायला मिळणे, हे माझ्यासारख्याला पुरेसे आहे.

शिवाय हिवाळ्यात सेलरमधले काम शांतपणे चालू असते. पिंपांत वाइन मुरत असते, आणि गर्दी नसल्यामुळे सांगणाऱ्यालाही सवड असते. तिथे द्राक्षांची सुरुवात कशी झाली ते जरूर विचारा. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञाने १९६५-६६ च्या सुमारास या प्रदेशाचे हवामान फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनच्या प्रदेशाशी मिळतेजुळते असल्याचे मांडले, आणि त्यावर विश्वास ठेवून पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. टॉम कलिटी यांनी १९६७ मध्ये व्हास फेलिक्स या द्राक्षबागेची लागवड केली. मॉस वुड आणि कलन या पुढच्या बागाही डॉक्टरांनीच लावल्या. कलिटींच्या सुरुवातीच्या पिकावर पाखरांनी ताव मारला. त्यांनी पाखरे पळवायला ससाणा आणला, तर तो सोडल्याबरोबर उडून गेला तो परत आलाच नाही. आता तो व्हास फेलिक्सच्या बाटलीवरच्या चित्रात बसला आहे. पाखरांचा हा ताप आम्हालाही असल्याने तिथल्या माणसाशी माझे अर्धा तास त्याच विषयावर बोलणे झाले. त्यांच्याकडे मारी नावाच्या झाडाला मोहोर चांगला आला, तर पाखरे त्यावरच खूश असतात आणि द्राक्षांकडे कमी वळतात. मोहोर हुकला की जाळी टाकल्याशिवाय गत्यंतर नाही.

पर्थहून_परतलेला

निर्मोही, याला आणखी एक पुरवणी. व्हास फेलिक्स आणि लुइन इस्टेट या दोन्ही ठिकाणी चित्रांची दालने आहेत. लुइन इस्टेटने आपल्या एका मालिकेच्या प्रत्येक वर्षीच्या लेबलसाठी ऑस्ट्रेलियन चित्रकारांची चित्रे घेतली आणि ती मूळ चित्रे तिथेच तळघरातल्या दालनात लावली आहेत. पाऊस कोसळत असताना तिथे तासभर सहज जातो आणि कोणीही तुमच्या हातात पेला देत नाही. जेवणघरांमध्ये हिवाळ्यात शेकोटी पेटलेली असते. ज्यांना चव घ्यायची आहे त्यांच्यासाठी सांगतो: दिवसाला एक किंवा दोनच वाइनरी ठेवाव्यात. पाच-सहा वाइनरी एका दिवसात उरकणाऱ्या बसगाड्यांतून उतरलेल्या लोकांना तिसऱ्या ठिकाणापासून काहीही कळत नसते. तिथली ख्याती काबर्ने सोव्हिन्यों आणि शार्दोने या दोन जातींची आहे, तेव्हा जावयांना त्या दोन शांतपणे चाखू द्या.

स्टिअरिंग

जावई गाडी चालवणार असतील, तर त्यांच्यासाठी चार ओळी. रक्तातील मद्याची मर्यादा तिथे ०.०५ टक्के आहे आणि पोलीस कोणालाही, कोठेही थांबवून तपासणी करतात. म्हणून चाखायचा दिवस असेल तेव्हा चाखणारा आणि चालवणारा वेगवेगळे असावेत, किंवा चाखून थुंकण्यासाठी ठेवलेले भांडे निःसंकोच वापरावे; तिथे त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पर्थपासून मार्गारेट रिव्हर सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे तीन तासांचा रस्ता आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. गुहा आणि वाइनरी ज्या केव्ह्ज रोडवर आहेत, तो जंगलातून जातो. संधिप्रकाशात कांगारू अचानक रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात रात्री गावाबाहेर चालवण्यावर बंधने असू शकतात, ती अट आधी वाचावी. पाचच्या सुमारास सूर्य मावळतो हे वर आलेच आहे. चार वाजता मुक्कामाकडे वळणे, एवढा एक नियम पाळला तर बाकी काही काळजी नाही.

वाटेत बोरानपचे कॅरी जंगल लागते, तिथे मात्र पाऊस चालू असतानाच थांबा. कॅरीची साल गळून गेलेली असते आणि ओली झाली की बुंध्यांवर फिकट गुलाबी, करडे, केशरी पट्टे उठून दिसतात. कोरड्या दिवशी तीच झाडे फिकी वाटतात. गाडीतून उतरायचीही गरज नाही.

शाकाहारी_खवय्या

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर हिवाळ्याखेरीज मिळणार नाही अशी एक गोष्ट सुचवतो. मार्गारेट रिव्हरच्या पूर्वेला दीडेक तासावर मॅनजिमप नावाचे गाव आहे. तिथे हेझल आणि ओक यांच्या मुळांशी काळ्या ट्रफलची लागवड करतात, आणि हंगाम जून ते ऑगस्ट असतो. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी बुरशी. ती पक्व झाली की तिचा वास मातीतून वर येतो आणि शिकवलेला कुत्रा त्या जागेवर पंजा ठेवतो. मग माणूस गुडघ्यांवर बसून, माती हातात घेऊन हुंगून पाहतो आणि तयार असेल तरच ती उकरतो. कच्ची असेल तर माती परत सारखी करून खूण ठेवतो. चिखलात गमबूट घालून हे पाहायला पर्यटकांना नेतात. आमच्या वेळी रिमझिम चालू होती, आणि मार्गदर्शकाच्या मते मातीत ओल असताना वास अधिक चांगला कळतो. पूर्णपणे शाकाहारी पदार्थ आहे, अंड्याच्या आमलेटवर किसून देतात ते सोडून बटाट्याबरोबर मागा. चव सर्वांना आवडेलच असे नाही; आमच्या सौभाग्यवतींना त्यात हिंगाच्या डब्याचा भास झाला. नातीसाठी म्हणाल, तर मार्गारेट रिव्हरच्या उत्तरेला चॉकलेटचा कारखाना आहे, तिथे फुकट चाखायला देतात, आणि त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

सहकारनगरवाली

सर्वांचे मनापासून आभार. ह्यांना द्राक्षबागायत यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा प्रथमच वर्तमानपत्र खाली ठेवले गेले. ह्यांचे बालपण तासगावला आजोळी द्राक्षांच्या मांडवाखाली गेले आहे, त्यामुळे छाटणी पाहायला जायचे हे आता ठरले. दोन शंका उरतात. बसेलटनच्या धक्क्याचा उल्लेख आला, तो गुडघेदुखी असलेल्यांना झेपेल का? आणि देवमासे जूनमध्ये खरोखर दिसतात का, की तीही नुसती जाहिरात आहे?

पर्थहून_परतलेला

धक्का तुमच्यासाठी सोयीचा आहे. त्याचे बांधकाम १८६५ मध्ये सुरू झाले आणि वाढत वाढत तो १,८४१ मीटर लांब झाला. दक्षिण गोलार्धातला लाकडी खांबांवरचा तो सर्वांत लांब धक्का मानला जातो. जहाजे येणे बंद झाल्यावर तो मोडीत निघणार होता, त्यातच १९७८ च्या आल्बी चक्रीवादळाने त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. गावकऱ्यांनी निधी जमवून आणि पाठपुरावा करून तो वाचवला. टोकापर्यंत छोटी रेल्वे जाते. टोकाला समुद्राच्या पृष्ठभागाखाली आठ मीटर उतरणारे निरीक्षणगृह आहे. आतून जिना गोल फिरत खाली जातो आणि वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या अकरा खिडक्यांतून खांबांवर वाढलेली प्रवाळे व मासे दिसतात. लुइन प्रवाह उत्तरेकडचे उबदार पाणी खाली आणतो, म्हणून इतक्या दक्षिणेला प्रवाळे जगतात. लिफ्टची चौकशी मुलीला आधी करायला सांगा. मात्र वादळानंतर लगेच जाऊ नका. पाणी गढूळ होते आणि खिडकीबाहेर हिरव्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. एक-दोन दिवस वारा पडू द्यावा.

देवमाशांची जाहिरात खोटी नाही. जून ते ऑगस्ट या काळात हंपबॅक आणि सदर्न राइट जातीचे देवमासे ऑगस्टाजवळच्या फ्लिंडर्स उपसागरात येतात. सप्टेंबरनंतर ते उत्तरेला डन्सबरोच्या बाजूला दिसू लागतात. म्हणजे तुमच्या तारखांना ऑगस्टाच योग्य.

चुनखडी

ऑगस्टापर्यंत जाणारच असाल, तर केप लुइनच्या दीपगृहाजवळचे जुने पाणचक्र चुकवू नका. १८९५ च्या सुमारास दीपगृहाच्या बांधकामासाठी पाणी चढवायला हे लाकडी चक्र बसवले होते. झऱ्याच्या पाण्यातला चुना त्यावर थरावर थर चढत गेला आणि आता लाकूड जवळजवळ दिसतच नाही, पूर्ण चक्र दगडाचे वाटते. गुहेत हजारो वर्षांत घडणारी प्रक्रिया येथे सव्वाशे वर्षांत डोळ्यांसमोर आलेली आहे, आणि पायऱ्या जवळजवळ नाहीतच. हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर जिथे मिळतात असे मानतात, ते टोकही हेच. वारा मात्र येथे सर्वांत जास्त असतो; टोपी कानावर बांधूनच गाडीबाहेर पडावे.

सहकारनगरवाली

ठरले. मॅमथ केव्ह, वाइनरीतले जेवण आणि मॅनजिमप यांची नोंदणी मुलगी आजच करील, कारण त्यांना पावसाने फरक पडत नाही. लेक केव्हमध्ये जावई नातीला घेऊन उतरतील आणि आम्ही दोघे वर चहा पिऊ. धक्का आणि बोट वाऱ्याचा अंदाज पाहून आदल्या संध्याकाळी ठरवू.

स्टिअरिंग

बोटीबाबत एवढे थांबू नका. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात आणि शाळांच्या जुलैमधल्या सुट्टीत जागा लवकर भरतात. आधीच नोंदणी करा, फक्त हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, ही अट पाहून घ्या. आणि उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी घ्यावी लागते, हे काकांना आत्ताच सांगून ठेवा.